घरचे येऊ देत

धक्का आधी आणि कारण नंतर, हा टाळीमावशींच्या पोटापाण्याचा पहिला नियम. रोज सकाळी स्टुडिओत प्रेक्षक म्हणून आणलेली माणसं बाकांवर बसली, की न्यायाधीशबाई यायच्या आधीच साक्षीदाराच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत सगळ्यांनी एकदा ‘हाऽऽ’ करून घ्यायचं. मग एकदा हसायचं, एकदा शेजारणीच्या कानात कुजबुजायचं, एकदा ‘काय बाई हे दिवस’ अशी मान हलवायची. कॅमेरा ते सगळं भरून ठेवी आणि पुढे लागेल तिथे ठिगळासारखं लावून टाकी. कोणाच्या कुत्र्याने कोणाच्या गालिच्यावर काय केलं, कोणी उसनी नेलेली शिडी मोडून परत आणली, हे कळायच्या आत मावशींना त्याचा धक्का बसून गेलेला असे.

टीव्हीवरच्या कोर्टाचा तो कार्यक्रम होता. खऱ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला ज्यांना वेळ नाही आणि घरातल्या घरात भांडून ज्यांचं पोट भरत नाही, अशी माणसं तिथे येत. बाई म्हणतील ते मान्य, अशी सही दोन्ही बाजूंनी आधीच दिलेली असे. न्यायाधीशबाई मात्र अस्सल होत्या, उभी हयात खऱ्या कोर्टात काढून निवृत्त झालेल्या. बाकी सगळा पोकळ डोलारा. टेबल प्लायवूडचं, मागच्या कपाटातली कायद्याची जाडजूड पुस्तकं म्हणजे पुठ्ठ्याच्या नुसत्या पाठी, आणि खिडकीतून दिसणारं झाड छापील.

मावशींची जागा तिसऱ्या रांगेत, कडेची. टाळी मात्र सगळ्या स्टुडिओत एक नंबर. वर काचेच्या खोलीत आवाजाच्या यंत्रावर बसणारा तर म्हणे, ‘मावशी आल्या नाहीत तर मला दहा माणसं जास्त लागतात.’ म्हणून त्या टाळीमावशी. खाली कॅमेऱ्याच्या बाजूला ‘टाळ्या’, ‘हशा’ आणि ‘धक्का’ अशा तीन पाट्या घेऊन जो माणूस उभा राही, त्याला सगळे पाटीदादा म्हणत. त्याने पहिल्याच दिवशी मावशींना शिकवून ठेवलं होतं.

“मावशी, कॅमेऱ्यात बघायचं नाही. कॅमेरा तुमच्याकडे वळला, की तुम्ही बोलणाऱ्याकडे वळायचं. आणि मी सांगितल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मी सांगितलं, की का म्हणून विचारायचं नाही.”

मावशींनी हे इतकं अंगी बाणवलं, की पाटीदादाने नुसतं ‘मावशी, जरा’ म्हणावं आणि मावशींनी मान उजवीकडे किंचित कलती करून ‘बरं’ म्हणत सरकावं. यात नवल काही नव्हतं. माहेरी मोठ्या बहिणीने ‘सरक’ म्हटलं, सासरी सासूने म्हटलं, बसमध्ये कंडक्टरने म्हटलं. आयुष्यभर फुकट केलेल्या कामाचे इथे पैसे मिळत होते, एवढाच काय तो फरक.

अशा या मावशींच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं आणि काही दिवसांनी अल्बम आला. चांगला फरशीएवढा जड. मावशी हात धुऊन, पुसून, चष्मा लावून बसल्या. पहिल्या पानावर मुलगी. दुसऱ्यावर मुलगी आणि जावई. तिसऱ्या पानापासून विहीणबाई सुरू झाल्या, त्या शेवटपर्यंत संपल्या नाहीत. मावशींचा नवरा, म्हणजे निवृत्त बसचालक, जिथे तिथे होता, पण दर वेळी तोंडात घास. आणि मावशी? एका फोटोत त्यांच्या जांभळ्या शालीचा काठ होता. एकात कोपर होतं. एकात जावयाच्या खांद्यामागून त्यांचा अंबाडा डोकावत होता. पुढचीमागची पानं चाळून झाली, तोंड काही सापडलं नाही.

“आई, तू कुठेयस गं?” मुलीने विचारलं.

“असेन मागे कुठेतरी,” मावशी म्हणाल्या आणि अल्बम फडक्याने पुसायला लागल्या.

तेवढ्यावर निभावलंही असतं. मावशींचा स्वभाव ओढून ताणून भांडण करणाऱ्यांतला नव्हता. दुसऱ्यांची भांडणं बघूनच त्यांची हौस फिटत असे. पण विहीणबाईंच्या दिवाणखान्यात त्या अल्बमची दुसरी प्रत मधल्या टेबलावर मुक्कामालाच होती. आल्यागेल्याला आधी अल्बम, मग पाणी. एका रविवारी मावशी तिथे गेल्या असताना विहीणबाईंची कोणी जुनी मैत्रीण आली आणि नेमकी मावशींच्या शेजारी बसून पानं उलटायला लागली. उलटता उलटता तिने मोठा उसासा सोडला.

“मुलगी किती गोड आहे हो! पण आईविना पोर, नाही का? कधी गेल्या तिच्या आई?”

मावशींच्या हातात कप होता.

“अजून जायच्यात,” त्या म्हणाल्या. “चहा संपला की निघतील.”

मैत्रिणीने जीभ चावली, विहीणबाई हसून हसून लाल झाल्या, मावशीही हसल्या. पण बसस्टॉपवर पोचल्यावर त्यांना रडू फुटलं. हॉल त्यांनी शोधला होता, फुलं त्यांनी निवडली होती, मुलीच्या केसांतली शेवटची पिन त्यांनी खोचली होती. आणि त्या तिथे होत्या याला पुरावा काय, तर एक अंबाडा! उद्या नातवंडं होतील, मांडीवर अल्बम घेऊन तीही हेच विचारतील. बाजूला उभ्या असलेल्या माणसाने रुमाल पुढे केला तेव्हा मावशींनी सवयीने आधी त्याला वाट करून दिली आणि मग रुमाल घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या फोटोग्राफरकडे गेल्या. त्याचं दुकान काचेचं, त्याच्या डोक्यावर केसांची शेंडीवजा गाठ आणि तोंडात ‘क्षण’ हा शब्द. तो क्षण टिपतो, क्षण जपतो, क्षण जगतो. मावशींचं म्हणणं त्याने क्षणभरच ऐकलं.

“त्याला मी काय करणार? तुम्हीच पळत होतात. कॅमेरा दिसला की तुमची पाठ! मी फोटो काढतो हो, माणसं पकडून आणत नाही.”

मावशी घरी आल्या. फोटोग्राफर उद्धट बोलला याचं त्यांना फार वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की तो म्हणतो ते खरंच असेल अशी शंका त्यांना येत होती. खरंच पळाले असेन का मी? स्वतःच्या लेकीच्या लग्नातून? हा प्रश्न भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, बाकावर बसून धक्का बसवून घेताना त्यांचा पिच्छा सोडेना. शेवटी एका दुपारी सुट्टीत त्या पाटीदादापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “दादा, मला खटला भरायचाय. इथेच.”

पाटीदादाच्या हातातली ‘हशा’ची पाटी खाली आली. “मावशी, शहाण्या असाल तर हा नाद सोडा. एकदा त्या पिंजऱ्यात उभ्या राहिलात, की चेहरा ओळखीचा झाला. ओळखीचा चेहरा आपल्याला गर्दीत चालत नाही. लोक म्हणतील, ही बाई काल भांडत होती, आज टाळ्या वाजवतेय, म्हणजे सगळं ठरवून चाललंय.”

“ठरवूनच चाललंय की.”

“ते लोकांना कशाला सांगायचं? जिंकलात तरी इथून बाद आणि हरलात तरी बाद. सांगून ठेवतो.”

“मग बाद,” मावशी म्हणाल्या.

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. “अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. चांगलं बसायचं काम आहे. आणि एका फोटोसाठी एवढं?”

“तुमचं बरंय,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही पानोपानी जेवताय.”

नवऱ्याने तिथेच ब्रेक लावला. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, समोरचा सिग्नल लाल आहे हे त्याला चटकन कळत असे.

खटल्याच्या दिवशी मावशींनी तीच जांभळी शाल पांघरली. पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी पहिल्यांदा स्टुडिओ उलट्या बाजूने पाहिला. समोर बाकांवर त्यांच्याच सगळ्या मैत्रिणी होत्या आणि तिसऱ्या रांगेतली कडेची जागा त्यांनी कोणालाही दिली नव्हती. पुढच्या रांगेत मुलगी, जावई, विहीणबाई आणि नवरा. विहीणबाई आधी ‘आमच्या घराण्याची शोभा कशाला’ म्हणत होत्या. पण कॅमेरे पाच आहेत असं कळल्यावर त्या सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसल्या होत्या.

न्यायाधीशबाई आल्या, बसल्या आणि मावशींकडे रोखून बघू लागल्या.

“तुम्हाला मी कुठेतरी पाहिलंय.”

“रोज, मॅडम. तिसरी रांग, कडेची जागा.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “मग माझ्या लक्षात कसं आलं नाही?”

“माझं कामच ते आहे, मॅडम. लक्षात न येण्याचं.”

“असं. एक सांगून ठेवते, इथल्या म्हणून तुम्हाला सवलत मिळणार नाही. उलट मी जरा जास्तच कडक वागेन. काय पाहिजे तुम्हाला? पैसे परत?”

“नकोत मॅडम. माझ्या मुलीच्या लग्नाला मी होते, एवढं एका कागदावर दिसलं पाहिजे. आणि यांनी म्हटलंय की मी पळत होते, ते खरं का खोटं ते मला कळलं पाहिजे.”

फोटोग्राफर कंबर कसून आला होता. त्याने मोठ्या पडद्यावर एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. “हे बघा, मॅडम. इथे पाठ. इथे पुन्हा पाठ. इथे नुसतं कोपर. आणि हा, माझ्या आवडीचा, अंबाडा सोलो!”

पाटीदादाने ‘हशा’ची पाटी वर केली आणि बाकांवरून सवयीने हसण्याची लाट आली. मावशींच्या मैत्रिणींचं हसणं होतं ते. कोणाचं कुठलं हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मग त्या बायकांनी मावशींचा चेहरा पाहिला. फोटोग्राफरने पुढचा फोटो लावला, तशीच गंमत केली, पाटी पुन्हा वर गेली. कोणी हसलं नाही. पाटीदादाने पाटी हलवली. बायका आपापल्या मांडीकडे बघत बसल्या.

न्यायाधीशबाईंनी हे पाहिलं का ते कळलं नाही. त्या मावशींना म्हणाल्या, “बाई, हे तर हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आहे. कॅमेरा आला की तुम्ही तोंड फिरवलेलं दिसतंय. यात यांचा काय दोष?”

“कॅमेऱ्यात न बघायची सवय लागलीये मला, मॅडम. इथेच लागली. तेवढं कबूल.”

“ऐकलंत?” फोटोग्राफरला जोर चढला. “आणि आता शेवटचा पुरावा. माझ्या कामाची जाहिरात म्हणून माझा मदतनीस प्रत्येक लग्नात माझंच शूटिंग करतो. त्यात सगळं आलंय.”

पडद्यावर चित्रफीत सुरू झाली. मागे बासरीचं मंद संगीत. हॉलमधलं फुलांनी सजवलेलं व्यासपीठ, त्यावर मुलगी आणि तिच्या शेजारी, होय, मावशी. भोवती पाहुण्यांची येजा. समोर कॅमेरा घेतलेला फोटोग्राफर हातवारे करतोय, इकडे वाकतोय, तिकडे वाकतोय. लोक जमताहेत. आणि मग मावशी मुलीच्या बाजूने निघाल्या आणि पडद्याच्या कडेने दिसेनाशा झाल्या.

“बघा! कोणी हात लावला? कोणी ढकललं? स्वतःहून गेल्या. घरचा फोटो निघतोय आणि मुलीची आई स्वतःहून चालली! आता मी काय मागे धावू?”

खरंच गेल्या होत्या मावशी. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. समोर मुलीने ओठ दाबून धरले होते आणि नवरा बुटांच्या नाड्या बघत होता. आता मान खाली घालून घरी जायचं, एवढंच उरलं होतं. आणि तेवढ्यात, त्या मानेवरूनच, मावशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“मॅडम, पुन्हा लावता का?”

“एकदा पाहिलं ना?”

“माझी मान बघायचीय.”

फीत पुन्हा लागली. मावशी पिंजऱ्यातून पुढे वाकल्या. पडद्यावरच्या मावशींनी मान उजवीकडे किंचित कलती केली, ओठ हलवले आणि मग त्या सरकल्या.

“हे! हे बघा!” मावशी ओरडल्याच. इतक्या वर्षांत त्या स्टुडिओत त्यांची टाळी सगळ्यांनी ऐकली होती, चढा आवाज कोणी ऐकला नव्हता. “ही मान मी अशीच हलवत नाही. कोणीतरी सांगितलं की हलवते. मॅडम, मी सांगितल्याशिवाय जागची हलत नाही. आयुष्यात हललेली नाही! यांना विचारा.”

बोट पाटीदादाकडे होतं. पाटीदादा तीन पाट्यांसकट गोंधळला. कॅमेऱ्यासमोर यायची त्याला मनाई होती. पण बाईंनी भुवई उचलली, तेव्हा त्याने घसा खाकरला.

“खरं आहे, मॅडम. एकदा वरचा दिवा निखळून पडायला आला होता. सगळे पळाले. या मी सांगेपर्यंत त्या दिव्याखालीच बसून होत्या.”

“ते संगीत काढा,” मावशी म्हणाल्या, “आणि खरा आवाज लावा.”

फोटोग्राफरच्या केसांची गाठ हलली. “मूळ आवाजात काही नाही, मॅडम. नुसता कालवा आहे.”

“माझी चाळीस वर्षं कालवा ऐकण्यातच गेली,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “लावा.”

वरच्या काचेच्या खोलीत आवाजवाल्याने बासरी बंद केली. हॉलमधली गडबड स्टुडिओभर पसरली, खुर्च्या सरकल्याचे आवाज, कोणाचं तरी मूल, आणि त्या सगळ्यावर ताण करणारा फोटोग्राफरचा खणखणीत आवाज.

“काका, मान वर, मान वर, वाऽ! वहिनी, हसा की जरा, फुकट आहे! विहीणबाई, तुम्ही मध्ये या, अशा मध्ये! अहो बाई. ओ, जांभळ्या शालवाल्या. तुम्ही जरा बाजूला व्हा. घरचे येऊ देत.”

आणि मग, अगदी हलकेच, पण स्वच्छ: “बरं.”

ते ‘बरं’ मावशींचं होतं.

कोणतीही पाटी वर नव्हती. तरी बाकांवरून धक्का उमटला, आणि तो आधी भरून ठेवलेल्या धक्क्यासारखा मुळीच नव्हता. तो ‘हाऽऽ’ नव्हता. कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं, कोणाचा तरी डबा खाली पडला. मुलगी ताडकन उभी राहिली.

“आई! मी शेजारीच होते. मला ऐकूच आलं नाही गं.”

“मलाही आलं नाही, बाळा,” मावशी म्हणाल्या. आणि ते खरं होतं. ‘बाजूला व्हा’ हे त्यांनी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कानावरून पाण्यासारखं वाहून जाई. लेकीच्या लग्नातही तसंच वाहून गेलं. या क्षणी खरं तर त्यांना संताप यायला हवा होता. पण आला तो आनंद, नुसता धो धो आनंद. “मॅडम, मी पळाले नव्हते! ऐकलंत ना? मला घालवलं होतं! मी नव्हते पळाले!”

फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर माणूस तसा वाईट नव्हता. नुसता मोठ्या आवाजाचा होता, आणि मोठ्या आवाजाच्या माणसाला स्वतःचं बोलणं आठवत नाही.

“मला वाटलं, त्या हॉलवाल्यांपैकी असतील,” तो पुटपुटला. “सकाळपासून खुर्च्या लावत होत्या, फुलं उचलत होत्या, सगळ्यांना पाणी देत होत्या.”

“लग्नघरात जी बाई सगळ्यात जास्त राबतेय,” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “ती घरची नसेल, असं तुम्हाला कशावरून वाटलं?”

फोटोग्राफरने मावशींकडे बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. “चुकलं माझं,” तो म्हणाला, आणि या वेळी आवाज हळू होता.

“ती फीत मागे न्या,” बाईंनी फर्मावलं. “‘अहो बाई’च्या आधी. आणखी थोडी. थांबवा.”

पडद्यावर चित्र थांबलं. व्यासपीठावर मुलगी, आणि तिच्या केसांतली सुटलेली पिन पुन्हा खोचणाऱ्या मावशी. मुलगी काहीतरी बोलली असणार, कारण मावशींनी मान मागे टाकली होती आणि त्या दात दाखवून, डोळे बारीक करून, खळखळून हसत होत्या. तोंड सरळ समोर होतं. कुठे बघायचं हे त्या घटकेला त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मावशी पडद्यावरच्या त्या बाईकडे बघत राहिल्या. ही आपण? एवढी छान हसते? त्यांनी शालीच्या टोकाने डोळे टिपले आणि पुन्हा बघितलं, कारण अजून पोट भरलं नव्हतं.

“निकाल,” न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि प्लायवूडवर हातोडा आपटला. “हे चित्र दोन्ही घरांच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर लागेल, मोठं करून. बाकीची पानं मागे सरकतील. नुकसानभरपाई एरवी चॅनेल देतं, या वेळी चॅनेल काही देणार नाही. अल्बम यांनी स्वतः बांधायचे, स्वतः नेऊन द्यायचे. आणि शेवटच्या पानासाठी घरच्यांचा फोटो आत्ता, इथे, माझ्यासमोर काढायचा. एक अट. प्रत्येकाला हाक मारता ना, काका, वहिनी? यांना काय हाक मारायची ते ठरवून घ्या.”

टाळी पडली. मावशींना टाळीतलं कळत होतं. पाटीवरची टाळी एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. ही कोपऱ्यातून कुठूनतरी सुरू झाली, मग दुसऱ्या रांगेत गेली, मग वाढतच गेली, काही बायका उभ्या राहिल्या, एकीने शिट्टीही मारली. पाटीदादाच्या पाट्या काखेत होत्या, कारण त्याचेही हात टाळ्या वाजवत होते. वर काचेमागे आवाजवाला उभा राहून हात हलवत होता. आज पहिल्यांदा मावशींच्या टाळीवाचून स्टुडिओ दणाणला होता, आणि तो मावशींसाठीच.

फोटोची तयारी सुरू झाली तेव्हा पाटीदादा जवळ आला. “नाव कापलं हं मी तुमचं, मावशी,” तो नाक ओढत म्हणाला. “उद्यापासून गर्दीत नाही. सगळ्या जगाने तोंड बघितलं तुमचं.”

“कापा, कापा,” मावशी म्हणाल्या. “झाली माझी गर्दी.”

वरून आवाजवाल्याने खिडकी सरकवून ओरडून सांगितलं, की टाळीला कुठे तोंड असतं, मावशींनी उद्यापासून त्याच्या खोलीत काचेमागे बसून वाजवावी, खुर्चीला गादी आहे. मावशींनी त्यालाही हात केला. बघू म्हणाल्या. आज त्यांना घाई नव्हती.

मग सगळे न्यायाधीशबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. नवऱ्याच्या तोंडात आज घास नव्हता, त्यामुळे तोंडाचं काय करावं हे त्याला कळेना. विहीणबाई सवयीने मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, मग चटका बसल्यासारख्या बाजूला झाल्या आणि त्यांनी मावशींचा दंड धरून त्यांना तिथे ओढलं. “या हो. माझी पानं पुष्कळ झालीत.”

फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे वाकला. मावशींची मान सवयीने मुलीकडे वळली.

“आई,” फोटोग्राफर म्हणाला. “आई, इकडे बघा.”

बोलणाऱ्याकडे बघायचं, हा तर मावशींचा जुना नियमच. बोलणारा आज कॅमेऱ्यामागे होता आणि त्यांच्याशीच बोलत होता. मावशी वळल्या. काळ्या काचेचा तो गोल डोळा त्यांच्याकडे रोखलेला होता. त्यांनीही आपले डोळे त्याच्यावर रोखले.

नेमका तेव्हाच पाटीदादा दिवा सारखा करायला मध्ये आला, तिन्ही पाट्या काखेत घेऊन, आणि मावशींच्या पुढ्यातच ठाण मांडून उभा राहिला.

“ओ दादा,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही जरा बाजूला व्हा. घरचे येऊ देत.”

पाटीदादाने मान उजवीकडे कलती केली. “बरं,” तो म्हणाला, आणि सरकला.

त्या हास्याच्या स्फोटातच कॅमेऱ्याचा खटका पडला. अल्बमच्या शेवटच्या पानावर तो फोटो आहे. मुलगी, जावई, नवरा, विहीणबाई, मागे टेबलाशी बसलेल्या न्यायाधीशबाईसुद्धा, सगळे मावशींकडे बघून हसतायत. कॅमेऱ्यात बघणाऱ्या मावशी एकट्याच.